‘ही नळी आजही लागते आहे का?’ : रुग्णालयातील जंतुसंसर्ग आणि रुग्णाचा वाटा

प्रश्न असा आहे की आईच्या खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, तिचे वय सत्तरीच्या पुढे आहे, मधुमेहही आहे, आणि रुग्णालयात गेल्यावर नवाच जंतुसंसर्ग जडतो असे अनेकांकडून ऐकल्यामुळे घरातले धास्तावले आहेत. अशा वेळी रुग्णाने आणि सोबत राहणाऱ्या माणसाने स्वतः काही करण्याजोगे आहे का, की सारे रुग्णालयावर सोपवून स्वस्थ राहावे?

रुग्णालयातील संसर्ग नियंत्रणाचे काम मी अनेक वर्षे करत आहे. जंतुसंसर्ग टाळण्याची मुख्य जबाबदारी रुग्णालयाची आहे आणि ती रुग्णाच्या माथी मारता येणार नाही, हे आधी स्पष्ट सांगते. परंतु डॉक्टर दिवसातून एकदोनदा येऊन जातात, सिस्टरांची पाळी बदलते, सफाई करणारी माणसे बदलतात; खाटेजवळ घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला चोवीस तास हजर असतो तो फक्त रुग्ण, आणि त्याच्या सोबतीचा माणूस. त्यामुळे काही गोष्टींवर त्यांच्याइतके बारीक लक्ष दुसरे कोणी ठेवू शकत नाही. त्यांतली एकच लक्षात ठेवायची असेल, तर शरीरात घातलेल्या प्रत्येक नळीविषयी आणि सुईविषयी रोज सकाळी विचारावे: ही आजही लागते आहे का?

या प्रश्नाला मी इतके महत्त्व का देते, ते समजण्यासाठी हा संसर्ग होतो कसा ते पाहावे लागेल. दाखल होताना नसलेला आणि साधारणपणे 48 तासांनंतर दिसू लागलेला संसर्ग हा रुग्णालयात झालेला मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार, तातडीचे उपचार करणाऱ्या रुग्णालयांत दाखल झालेल्या दर 100 रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सुमारे 7 आणि मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत सुमारे 15 जणांना असा किमान एक संसर्ग होतो. त्यातले बहुतेक चार ठिकाणचे असतात: मूत्रमार्ग, शस्त्रक्रियेची जखम, फुप्फुसे आणि रक्त. हे जंतू भिंतींवरून किंवा हवेतून अंगावर येतात अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यांतले पुष्कळसे रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवर, तोंडात आणि आतड्यांत आधीपासून असतात, आणि उरलेल्यांपैकी बरेच कोणाच्या तरी हातावरून येतात. धडधाकट कातडी त्यांना आत शिरू देत नाही. सुई टोचली, नळी घातली, छेद घेतला की ती तटबंदी तेवढ्या जागी उघडी पडते, आणि नळी जितके दिवस आत राहील तितके दिवस उघडीच राहते.

लघवीच्या नळीचे उदाहरण घेऊ. नळीच्या पृष्ठभागावर जंतूंचा एक चिकट थर तयार होतो आणि तो औषधांनाही सहजी दाद देत नाही. नळी आत असताना लघवीत जंतू आढळू लागण्याची शक्यता दर दिवसाला 3 ते 7 टक्क्यांनी वाढत जाते. लघवीत जंतू सापडले म्हणजे प्रत्येक वेळी आजार झाला असे नाही, पण आजाराची वाट तिथूनच सुरू होते. शस्त्रक्रियेच्या वेळी नळी घालण्याला बहुधा सबळ कारण असते. अडचण असते ती काढण्याची. घालताना कोणीतरी निर्णय घेतलेला असतो, काढण्याचा निर्णय मात्र कोणाच्याच नावावर नसतो आणि ती विसरली जाते. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, लघवीची नळी असलेल्या रुग्णांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारले असता, चारांतून एकापेक्षा अधिक वेळा डॉक्टरांना ती नळी असल्याची कल्पनाच नव्हती. यात निष्काळजीपणापेक्षा पांघरुणाखालची वस्तू नजरेआड राहण्याचा भाग मोठा असतो, आणि म्हणूनच रुग्णाने तिची आठवण करून देणे फार उपयोगाचे ठरते.

इथे नातेवाइकांना एक विनंती करते. रात्री-अपरात्री उठवून शौचालयात न्यावे लागू नये म्हणून ‘नळी राहू द्या आणखी दोन दिवस’ असे पुष्कळदा घरचेच सांगतात. त्यांचे कष्ट मला दिसतात, परंतु नळी केवळ सोयीसाठी ठेवू नये. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत ती आणखी एक नुकसान करते: नळी आणि पिशवी लटकत असलेला माणूस खाटेवरून उतरत नाही, आणि जो उतरत नाही त्याच्या फुप्फुसांत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पायांतली ताकद जाते. लवकर काढलेली लघवीची नळी हे लवकर चालू लागण्याचे पहिले पाऊल असते.

नळी आहे तोवर मात्र काही गोष्टी सोबतच्या माणसाने डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. तपासणीसाठी स्ट्रेचरवरून नेताना ती रुग्णाच्या पोटावर किंवा दोन पायांमध्ये ठेवण्याची घाई होते. त्याने पिशवीतली लघवी उलट आत जाऊ शकते. नळी मांडीला नीट चिकटवलेली असावी, तिला पीळ बसू नये, आणि नळी व पिशवी यांचा जोड कारणाशिवाय कोणीही उघडू नये. पिशवी रिकामी करताना एका रुग्णाचे भांडे दुसऱ्यासाठी वापरले जात असेल तर ते तिथल्या तिथे थांबवावे.

सलाइनसाठी हाताच्या शिरेत बसवलेल्या सुईबाबतही हाच नियम आहे. शिरेतून औषधे देणे थांबून गोळ्या सुरू झाल्या, तरी ‘असू द्या, लागली तर’ म्हणून सुई दिवसचे दिवस तशीच राहते. ती जागा दुखू लागली, लाल झाली, सुजली, गरम लागली, औषध देताना चुरचुरली किंवा वरची पट्टी ओली होऊन सुटली, तर पुढच्या राउंडची वाट न पाहता लगेच सांगावे. अंघोळीच्या वेळी ती जागा कोरडी राहील असे पाहावे. औषध देण्यापूर्वी सुईच्या तोंडाशी असलेला जोड निर्जंतुक द्रावाने काही सेकंद घासून, सुकू देऊन मगच सिरिंज लावली जावी, आणि सिरिंज व सुई प्रत्येक वेळी नवी असावी. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात गैर काहीच नाही.

रुग्ण अतिदक्षता विभागात असेल आणि त्याच्या मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल, तर धोका अधिक असतो, कारण संसर्ग थेट रक्तात उतरतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी मिळून पाच साध्या गोष्टी कसोशीने पाळल्या: नळी घालण्यापूर्वी हात धुणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक आच्छादन घालणे, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने कातडी स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा रक्तसंसर्गाचे प्रमाण दीड वर्षात 66 टक्क्यांपर्यंत घटलेले दिसले. पहिल्या चार गोष्टी पडद्याआड घडतात. पाचवीविषयी मात्र नातेवाईक रोज विचारू शकतात.

आता हातांविषयी. व्हिएन्नातील प्रसूतिगृहात 1847 साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, तेव्हा एप्रिलमध्ये 18 टक्क्यांच्या आसपास असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये 2 टक्क्यांच्या घरात आले. इतकी वर्षे उलटूनही हात स्वच्छ करण्याइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय आमच्याकडे दुसरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कर्मचाऱ्यांसाठी पाच प्रसंग ठरवून दिले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुकपणे करायच्या कोणत्याही कामापूर्वी, रक्त किंवा अन्य स्राव हाताला लागण्याची शक्यता असलेल्या कामानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. रुग्णाने पाचही पाठ करण्याची गरज नाही. पहिल्या दोहोंकडे लक्ष ठेवले तरी पुष्कळ झाले. हँडरब, म्हणजे हात स्वच्छ करण्याचे अल्कोहोलयुक्त द्रावण, हातांवर सर्वत्र चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात, साबणपाण्याने धुण्याची पूर्ण क्रिया 40 ते 60 सेकंदांची असते. बोटांची टोके, अंगठे आणि बोटांमधल्या बेचक्या हमखास सुटतात.

हातमोजे पाहून निर्धास्त होऊ नये. तेच मोजे घालून कोणी शेजारच्या रुग्णाचे ड्रेसिंग उरकून आपल्याकडे येत असेल, तर ते मोजे घालणाऱ्याचे रक्षण करतात, रुग्णाचे नाही. दुसरे म्हणजे, जुलाब होत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हँडरबवर विसंबू नये. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत आणि नोरोव्हायरसवरही त्याचा पुरेसा भरवसा धरता येत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे.

डॉक्टरांना ‘हात धुतलेत का?’ असे विचारायचे कसे, हा संकोच मला ठाऊक आहे आणि तो खरा आहे. ज्यांच्या हाती आपला जीव सोपवला त्यांना दुखवू नये असे वाटणे स्वाभाविकच आहे. म्हणून दाखल झाल्याच्या पहिल्या दिवशीच, कोणाचीही चूक झालेली नसताना, मोकळेपणाने सांगून ठेवावे: ‘सिस्टर, आईला मधुमेह आहे म्हणून आम्हाला संसर्गाची फार धास्ती वाटते. हात लावण्यापूर्वी तुम्ही हात स्वच्छ केलेले दिसले की तिला धीर येतो.’ पुढे प्रसंग आलाच तर ‘डॉक्टर, हँडरब इथे ठेवलाय’ एवढे म्हणणेही पुरते. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही, आणि येत असेल तर तो दोष विचारणाऱ्याचा नाही. एकट्या रुग्णाला बोलणे जड जाते, त्यामुळे हे काम सोबतच्या माणसाने स्वतःकडे घ्यावे.

रुग्णाच्या स्वतःच्या हातांकडे तर सगळ्यांचेच दुर्लक्ष होते, आणि मला ते फार खटकते. खाटेला खिळलेल्या माणसासमोर जेवणाचे ताट येते, पण हात धुवायला पाणी कोणी आणत नाही. तो खाटेच्या कठड्याला, मोबाइलला, चष्म्याला, बेडपॅनला हात लावतो आणि त्याच हाताने जेवतो किंवा जखमेची पट्टी चाचपतो. जेवण्यापूर्वी, शौचानंतर आणि तोंडाला किंवा डोळ्यांना हात लावण्यापूर्वी त्याचे हात स्वच्छ करून द्यावेत आणि हँडरबची बाटली त्याच्या हाताला येईल अशी ठेवावी.

शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर तयारीला वेळ मिळतो, आणि तो वाया घालवू नये. आईंच्या बाबतीत पहिली गोष्ट साखरेची. रक्तातली साखर चढलेली असताना जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम भरायला वेळ लागतो. शस्त्रक्रियेच्या काळात ती 200 मिलिग्रॅमच्या खाली राहावी असे मार्गदर्शक सूचना सांगतात. काही आठवडे आधीच मधुमेहाच्या डॉक्टरांना भेटून औषधे बसवून घेतली तर ते सोपे जाते. तंबाखू किंवा धूम्रपानाची सवय असेल तर निदान चार आठवडे आधी सोडावी. अंगावर गळू, पायाला चिघळलेली जखम, किडलेला व सुजलेला दात, लघवीची जळजळ असे काहीही असेल तर ते क्षुल्लक समजून लपवू नये, कारण कृत्रिम सांधा बसवायचा असताना शरीरात दुसरीकडे असलेला संसर्ग रक्तावाटे तिथे पोहोचू शकतो. आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी साबणाने अंघोळ करावी. शस्त्रक्रियेच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने किंवा रेझरने मुळीच काढू नयेत. त्याने कातडीवर नजरेला न दिसणारे ओरखडे उठतात आणि जंतू तिथे वाढतात. केस काढणे आवश्यकच असेल तर रुग्णालयात क्लिपरने कापतात.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. एक म्हणजे संसर्ग टाळण्यासाठीचे अँटिबायोटिक वेळेवर मिळेल ना. ते बहुतेक औषधांच्या बाबतीत छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात दिले जाते, म्हणजे छेदाच्या वेळी ते पेशींत पोहोचलेले असते. दुसरी गोष्ट अंग गरम ठेवण्याची. थंडगार शस्त्रक्रियागृहात शरीराचे तापमान घसरले की कातडीचा रक्तपुरवठा घटतो. 1996 साली मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचे अंग नेहमीच्या तापमानाला ठेवले त्यांच्यापैकी 6 टक्क्यांना, तर ज्यांचे थंड पडू दिले त्यांच्यापैकी 19 टक्क्यांना जखमेचा संसर्ग झाला. म्हणून बाहेर वाट पाहतानाही रुग्णाला थंडी वाजत असेल तर त्याने ती सोसत बसू नये, जाडसर पांघरूण मागावे.

शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसे जपावी लागतात. दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि न्यूमोनियाला वाव मिळतो. वेदनाशामक औषध मागायला कचरू नये. दुखणे आटोक्यात असेल तरच खोकता आणि चालता येते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर उशाकडचा भाग उंच ठेवावा, जेवताना नीट बसवावे, श्वासाचे व्यायाम सांगितल्याप्रमाणे करावेत, आणि दात सकाळ-संध्याकाळ घासावेत. तोंडातले जंतूच लाळेबरोबर खाली उतरून फुप्फुसांत जातात, त्यामुळे कवळी असेल तर तीही रोज घासून, रात्री काढून ठेवावी.

जखमेची पट्टी ‘आत कसे दिसते’ म्हणून उचलून पाहू नये आणि तिच्यावर स्वतःच्या मनाने पावडर, तेल किंवा मलम लावू नये. पट्टी भिजली किंवा सुटली तर सिस्टरना बोलवावे. अँटिबायोटिक ‘आणखी थोडे दिवस चालू ठेवा, म्हणजे काळजी नको’ असा आग्रहही धरू नये. शस्त्रक्रिया संपल्यावर ती उगाच लांबवल्याने जखमेचे रक्षण वाढत नाही. उलट आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात, गंभीर जुलाब होऊ शकतात, आणि औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात. संसर्ग झालाच असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सांगितलेला कोर्स मध्येच सोडू नये.

भेटायला येणाऱ्यांविषयी थोडक्यात: ताप, खोकला, जुलाब किंवा अंगावर पुरळ असलेल्याने येऊ नये, खाटेवर बसू नये, आणि आत येताना व बाहेर जाताना हात स्वच्छ करावेत. एखाद्या रुग्णाच्या दारावर वेगळ्या खबरदारीची पाटी असेल तर तिचा अर्थ विचारून घ्यावा आणि गाऊन, मास्क यांचे नियम नातेवाइकांनीही पाळावेत.

इतके करूनही संसर्ग होऊ शकतो, आणि तसे झाले तर आपण कुठे कमी पडलो असे मनाला लावून घेऊ नये. महत्त्वाचे असते ते लवकर ओळखणे. थंडी वाजून ताप, धाप, नाडी जलद होणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, ही रक्तात संसर्ग पसरत असल्याची लक्षणे असू शकतात. वयस्कर माणसाला ताप येईलच असे नाही. कधी कधी पहिले लक्षण म्हणजे माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो किंवा गुंगीत जातो. ‘आज जरा वेगळीच वाटते’ हे घरच्या माणसाला सर्वांत आधी कळते. तेव्हा ‘बरे वाटत नाही’ असे मोघम न सांगता ‘काल रात्रीपर्यंत आई सगळ्यांना ओळखत होती, आज पहाटेपासून ओळखत नाही’ असे नेमके सांगावे आणि डॉक्टरांनी येऊन पाहीपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

घरी सोडताना जखमेची काळजी कशी घ्यायची आणि अडचण आल्यास कोणत्या क्रमांकावर कोणाला गाठायचे हे लेखी घ्यावे. जखमेचा संसर्ग साधारण 30 दिवसांपर्यंत, आणि कृत्रिम सांधा बसवला असेल तर 90 दिवसांपर्यंत, कधी त्याहूनही उशिरा डोके वर काढू शकतो. वाढती लाली, पू, कमी होण्याऐवजी वाढणारे दुखणे किंवा ताप दिसल्यास शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडेच जावे आणि स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नये. अँटिबायोटिकनंतर पुढच्या काही आठवड्यांत पातळ जुलाब सुरू झाले, तर ते थांबवणारी गोळी परस्पर न घेता, आधी घेतलेल्या औषधाचे नाव सांगून डॉक्टरांना दाखवावे. दाखल असताना एखाद्या तपासणीत औषधाला दाद न देणारा जंतू सापडला असेल, तर त्या कल्चरचा अहवाल जपून ठेवावा आणि पुढे कुठल्याही रुग्णालयात दाखल होताना पहिल्याच दिवशी दाखवावा, कारण औषधाची निवड आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात.